लाक गावच्या कुतची डबी

आमच्या दुकानात लोखंड येतं, पत्रा येतो, फुटके पंखे येतात, आणि अजूनही लढाई येते. क्वांग त्रीच्या मातीत नांगर घातला की भातापेक्षा धातूच जास्त निघतो, असं माझा नवरा तवाय म्हणतो. त्याला बोलायला काय जातं! तोलायला मी, घासाघीस करायला मी, आणि दोंग हाच्या भर बाजारात ‘थामबाईचं तोंड फार वाईट’ अशी नावं ठेवून घ्यायलाही मीच. हा तवाय आपला खुर्चीत बसून हिरवा चहा पितो.

त्या दिवशी डोंगराकडची एक म्हातारी पोतं घेऊन आली. पोत्यात सगळा विमानाचा पत्रा. पांढरा, हलका, चांगला भाव येणारा. मी पोतं जमिनीवर उपडं केलं, तर त्यातून एक डबी घरंगळत माझ्या पायाशी आली. मुठीएवढी, गोल, वर झाकण. मातीनं बरबटलेली. मी शर्टाच्या टोकानं पुसली आणि लगेच ओळखली. चुन्याची डबी! माझी मा शेवटच्या दिवसापर्यंत पान खात होती. दात गेले तरी खलबत्त्यात कुटून खायची. तिची डबी जरा इकडची तिकडं झाली की घर डोक्यावर घ्यायची, त्यामुळे चुन्याची डबी म्हणजे पानवाल्या बाईचा जीव असतो हे मला कुणी शिकवायला नको.

झाकणावर पोफळीचं झाड कोरलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कबूतर. कबुतरं कसली, बदकंच म्हणा. आणि खाली अक्षरं, खिळ्यानं टोचून टोचून काढलेली. ‘बूला. लाक गावचा कुत. १९७२.’

“बघू,” म्हणत तवायनं डबी उचलली आणि सरळ काट्यावर टाकली.

“अहो, उचला ती!”

“का? विमानाचाच पत्रा आहे.”

“बू म्हणजे आई. कुणीतरी आईसाठी केलीय ती. विमान पाडलं, त्याचा पत्रा कापला, ठोकून ठोकून गोल केला. आणि तुम्ही ती भट्टीत घालणार?”

“अगं, करणारा कधीच गेला असेल. इथल्या मातीतून निघालेल्या वस्तूचा मालक सहसा मातीतच असतो.”

“तो गेला असेल. पण आई?” मी म्हटलं. “पोरगा बावीस-तेवीसचा असेल तेव्हा. आई आज नव्वदीला आली असेल. असेलही जिवंत. वस्तू पोराची नाहीच मुळी, तिची आहे. ती डोळे मिटायच्या आत तिच्या हातात पडली पाहिजे.”

तवायनं सुस्कारा सोडला आणि डबी काट्यावरून काढली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला एक गोष्ट कळलीय. माझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला बुलडोझर लागतो.

आता शोधायचं कसं? आम्ही इकडे आईला ‘मा’ म्हणतो. ‘बू’ म्हणणारे लोक वरचे, तांबड्या नदीच्या खोऱ्यातले. म्हणजे मुलूख कळला. लाक म्हणजे लव्हाळं, तेव्हा ते गाव लव्हाळ्याच्या चटया विणणाऱ्यांचं असणार. राहिला कुत.

कुत म्हणजे काय ते जेवणाच्या वेळी सांगू नये. गू. हो, तेच. ज्या घरात पोरं जगत नाहीत, त्या घरात पुढच्या पोराचं नाव असं घाणेरडं ठेवतात की भुताखेतांनी नाक दाबून पुढच्या घरी जावं. मग पोर शाळेत जायला लागलं की त्याला छानसं, पाटीवर लिहायचं नाव मिळतं, आणि पाळण्यातलं नाव घरच्यांपुरतं उरतं. बाप्या झालेल्या माणसाला त्या नावानं चारचौघांत हाक मारणं म्हणजे शिवी. त्यावरून आमच्या बाजारात एकदा डोकी फुटलीत.

हे सगळं मला ठाऊक होतं बरं का. तरी जे करायला नको तेच मी केलं.

खोऱ्यात लाक नावाचं गाव काही एकच नव्हतं. मी एकेका गावच्या कमिटीच्या ऑफिसात फोन लावत सुटले. पहिल्यानं सांगितलं, असा कुणी नाही. दुसऱ्याला वाटलं मी शिवी देतेय, त्यानं फोन आपटला. थाय बिन्हकडच्या लाकमध्ये बिक नावाची बाई भेटली. ती सकाळी कर्ण्यावरून गावाला बातम्या, भाताचे भाव आणि डुकरांच्या लसीची तारीख सांगायची. आवाज मधाळ.

“काय नाव म्हणालात ताई?”

“कुत.”

पलीकडे बराच वेळ खुसखुस ऐकू आली. “आणि शाळेतलं नाव?”

“ते ठाऊक असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता? तुम्ही फक्त एवढंच सांगा की कुत नावाच्या माणसाच्या घरच्यांनी ऑफिसात यावं, त्यांच्यासाठी काहीतरी आहे. काय आहे ते सांगू नका. नाहीतर सगळं गाव कुत होऊन येईल.”

माझं चुकलं ते इथं. मेलेल्याला कसला मान नि कसला अपमान, असं मी धरून चालले होते. तो मेलाय हे मात्र मला कुणीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडतेय तोच फोन खणखणला.

“ते कर्ण्यावरचं प्रकरण तुमचंच का?” पुरुषाचा आवाज. एकेक शब्द फूटपट्टीनं मारल्यासारखा.

“माझंच. कुत सापडला?”

“या गावात त्या नावाचा कुणी नाही. मी इथला निवृत्त हेडमास्तर आहे, ख्वात. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईची अशी थट्टा करताना लाज वाटली पाहिजे तुम्हाला. कोणत्या सालचे माझे विद्यार्थी तुम्ही?”

“मी कशाला तुमची विद्यार्थिनी असेन? आणि थट्टा कुणी केली? मी...”

“पुन्हा ते नाव कर्ण्यावर आलं तर तक्रार करीन.” खाट्.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोण कुठला मास्तर, माझं ऐकून न घेता मलाच छड्या मारतो! दिवसभर गिऱ्हाइकांवर ओरडले. संध्याकाळी राग जरा उतरला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

“अहो,” मी तवायला म्हटलं, “म्हातारी बाई म्हणाला तो. कुत कुणी नाही म्हणतो, पण कुतची म्हातारी आहे! आई जिवंत आहे!”

“मग पोस्टानं पाठव.”

“त्या मास्तरच्या हातात पडली तर तो फेकून देईल. कपडे भरा. आपण जातोय.”

तवायनं कपाळावर हात मारला. पण कपडे भरले. तेवढा गुणी आहे तो.

आगगाडी, मग बस, मग मोटारसायकलवाला. लाकमध्ये पोचलो तेव्हा सुगी नुकतीच आटोपली होती, सगळ्या रस्त्यावर पेंढा वाळत घातलेला. वाटेत बाजारातून मी उदबत्त्या घेतल्या, पान-सुपारी घेतली. तवायच्या खांद्यावर केळ्यांची मोठी फणी दिली. मेलेल्या माणसाच्या घरी जायचं तर देव्हाऱ्यासमोर काही ठेवायला नको?

वडाखालच्या चहाच्या टपरीवर बसून मी विचारलं, “कुतचं घर कुठं हो?”

चहावालीच्या हातातली किटली तिथंच थांबली. बाकावरच्या बायकांनी तोंडाला रुमाल लावले. एकजण हसता हसता ठसकली.

“म्हणजे कर्ण्यावरच्या त्या बाई तुम्ही!” चहावाली म्हणाली. “काय हो तुम्ही! अख्खं गाव सकाळी चुळा भरत होतं, सगळ्यांनी पाणी नाकातून काढलं.”

“घर सांगा ना.”

“आम्ही नाही ते नाव घेणार बाई. माझी दोन्ही पोरं त्यांच्या हाताखालून गेलीत.” तिनं जीभ चावली. मग हनुवटीनं पुढं दाखवलं. “त्या पोफळी दिसतात ना? तिथं फाटकाशी म्हातारी बसते. तिला विचारा. दिवसभर तेच नाव घेऊन हाका मारते ती.”

पोर गेल्यापासून आई फाटकात बसून हाका मारतेय, आणि मी त्याच नावाचा कर्ण्यावर बोभाटा केला! त्या मास्तरला राग आला तर काय नवल?

फाटकाशी बांबूच्या बाजेवर म्हातारी होती. चिमणीएवढी. डोक्याला काळं मखमली फडकं गुंडाळलेलं, दात जुन्या चालीप्रमाणे काळे रंगवलेले, म्हणजे उरलेले. नजर रस्त्यावर.

“कुत! ए कुत! भात निवतोय रे!”

मला रडूच फुटलं. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. “आजी, मी क्वांग त्रीहून आले.”

“माझा कुत पण तिकडंच आहे,” ती एकदम खुशीत म्हणाली. “दिसला का ग तुला? काळा आहे, हाडकुळा, कान मोठे.”

मी काही बोलणार तोच घरातून एक उंच माणूस तरातरा आला. पांढरेशुभ्र केस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. “काय हवंय?”

आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. त्यालाही नाही.

“तुम्हीच त्या फोनवरच्या!”

“आणि तुम्ही फोन आपटणारे! पुरतं ऐकून घ्यायची पद्धत नाही वाटतं तुमच्या शाळेत?”

“इथवर आलात थट्टा करायला?”

भांडण हातघाईवर येतंय असं पाहून तवाय मध्ये पडला. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. केळ्यांची फणी पुढं करून तो अगदी नम्रपणे म्हणाला, “मास्तर, राग सोडा. आम्ही फक्त कुतच्या फोटोपुढं दोन उदबत्त्या लावतो आणि जातो.”

“कुणाच्या फोटोपुढं?”

“कुतच्या. वारले ना ते.”

“कोण वारलं?” म्हातारीनं घाबरून विचारलं.

“कुणी नाही वारलं बू!” मास्तर गरजला. मग आमच्याकडे वळून, दात ओठ खाऊन, “कुत मी आहे.”

चहाच्या टपरीवरून आमच्या मागोमाग आलेल्या बायका फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांतली एकही हसली नाही. तवायनं केळी हळूच पाठीमागे लपवली.

म्हातारीनं मात्र माझा हात धरून मला जवळ ओढलं, आणि कुजबुजल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, “ऐकू नको त्यांचं. हे आजोबा रोज असंच खोटं बोलतात. भले आहेत, मला भात भरवतात, पाय चेपतात. पण म्हणतात काय, मी कुत! माझा कुत कोवळा पोर आहे. आणि तो रिकाम्या हातानं नाही यायचा. मला चुन्याची डबी आणणार आहे.”

मास्तर खाली बघत होता. एवढा वेळ ताठ उभा असलेला माणूस बाजेच्या कडेला बसला, आणि माझ्याशी बोलला तेव्हा आवाजातली फूटपट्टी नाहीशी झाली होती.

“माझ्याआधीची तिची पोरं जगली नाहीत,” तो म्हणाला. “म्हणून ते नाव. लढाईत असताना गावच्या एका जखमीबरोबर मी निरोप धाडला होता, बूला सांग, विमानाच्या पत्र्याची डबी केलीय, मीच घेऊन येतो. मग बाँब पडले, खंदक ढासळला, पाठीवरची पिशवी आत राहिली. मी तेवढा बाहेर आलो. घरी रिकाम्या हातानं पोचलो तर म्हणते, मेल्या, थाप मारलीस! वर्षानुवर्षं चिडवायची. आम्ही दोघं हसायचो. आता तिचं सगळं पुसलं गेलंय. माझं लग्न, माझी पोरं, शाळा, सगळं. फक्त तो निरोप राहिलाय. मी म्हणतो मी कुत, ती म्हणते डबी दाखव. बाजारातून आणल्या, चांदीची आणली. फेकते. म्हणते, तू नव्हेस. मरायच्या आत एकदा तरी तिनं मला ओळखावं, एवढंच मागणं होतं हो माझं. आणि तुम्ही कर्ण्यावर ते नाव घेतलंत.”

मी पिशवीत हात घातला. डबी काढली आणि त्याच्यापुढं धरली.

मास्तरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. झाकणावरून बोट फिरवलं. पोफळीवरून, बदकांवरून.

“कबुतरं आहेत ती,” तो म्हणाला.

“मी कुठं काय म्हटलं!”

आणि तो माणूस हसला. हसता हसताच डोळ्यांतून घळाघळा पाणी. “तुम्हीच द्या तिला,” तो म्हणाला. “माझ्या हातून घेणार नाही. फेकली तर...” घाबरला होता. वर्गच्या वर्गाला घाम फोडलेला माणूस, एका चिमणीएवढ्या म्हातारीला घाबरला होता.

माझं डोकं परत तडकलं. “अहो, चारशे मैल डबी मी आणली, आता चार पावलं तुम्ही न्या! केली कुणी? तुम्ही! उठा.”

तो उठला आणि आईपुढं मातीत गुडघे टेकून बसला, इस्त्रीच्या विजारीसकट. डबी तिच्या ओंजळीत ठेवली.

म्हातारीची नजर अधू होती. तिनं बघितलंच नाही, बोटांनी चाचपली. वरून, खालून, कडेनं. अंगठ्यानं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“झाकण वाकडं बसतंय,” ती म्हणाली.

“कुतनंच केलीय ही,” तिनं आम्हा सगळ्यांना निक्षून सांगितलं. “त्याला एक काम सरळ येईल तर शपथ.” मग मान वर केली. “कुणी आणली?”

“मी,” मास्तर म्हणाला.

“आं?”

“मी, बू!”

“मी म्हणजे कोण? नाव नाही होय तुला?”

ख्वात मास्तरनं एकवार फाटकाकडे बघितलं. तिथं त्याचे विद्यार्थी होते, विद्यार्थ्यांच्या आया होत्या, कर्णेवाली बिकसुद्धा धावत आली होती. मग तो मोठा श्वास घेऊन असा ओरडला की पोफळीवरचे पक्षी उडाले.

“कुत! बू, मी कुत! तुझा कुत! घरी आलोय!”

म्हातारीनं डबी मांडीवर ठेवली. दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, कान चाचपले, ओढून बघितले. मग केसांवरून हात फिरवला आणि डोळे बारीक करून अगदी जवळून पाहिलं. तिचा चेहरा काळजीनं भरून गेला.

“अरे कुत,” ती म्हणाली, “केस कुणी रे पांढरे केले तुझे?”

पुढचं मला नीट दिसलं नाही. मी रडत होते, चहावाली रडत होती, आणि तवाय लपवलेल्या केळ्यांसकट रडत होता. मास्तरचं डोकं आईच्या मांडीत होतं आणि ती त्याच्या पाठीवर धपाटे घालत होती. एवढा उशीर करतात का रे, भात पार गार झाला, मेल्या.

त्या रात्री आम्हाला सोडतील तर ना! बदक कापलं, भात रांधला. मी आणलेली पान-सुपारी म्हातारीलाच कामी आली. तिच्या नव्या डबीतला चुना लावून तिनं मला स्वतः पान करून दिलं. जीभ भाजली माझी, पण खाल्लं. केळी मास्तरनं आपल्या हातानं सोलून तवायला दिली. “मयताकडून घ्या,” म्हणाला.

महिन्याभरानं त्याचा दुकानात फोन आला. मी भीतभीतच विचारलं, “आजी बरी आहे ना?”

“ठणठणीत आहे.”

“आणि ओळखते ना तुम्हाला?”

“सकाळी उठते तेव्हा विसरलेली असते,” तो म्हणाला. “फाटकात बसून हाका मारते. मग मी डबी तिच्या हातात देतो. ती झाकणाला नावं ठेवते, माझे कान ओढते, आणि मग विचारते, केस कुणी पांढरे केले.”

“अरे देवा! रोज?”

“रोज,” मास्तर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की मी फोन कानापासून जरा लांब धरला. “तेव्हा एकदाच परत आलो होतो थामबाई. आता रोज सकाळी लढाईवरून घरी येतो मी.”